सांगून जायचं

मी लिहावं की नाही, हे माझं अजून नक्की ठरलेलं नाही. आमच्या घरात लिहिणारं कुणी नाही. वडील भाजीचा टेम्पो चालवतात, आईची शाळा चौथीत सुटली, आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. आमचे मराठीचे सर म्हणतात, व्यक्तिचित्र लिहायचं तर माणूस आतून-बाहेरून ठाऊक हवा. मला ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांचं पूर्ण नावही मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे होतो त्या वयात मला माझंच पूर्ण नाव नीट सांगता येत नव्हतं. यातलं बरंचसं आईकडून ऐकलेलं आहे, आणि आई एकच गोष्ट दर वेळी थोडी वेगळी सांगते. तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लिहायला बसलो त्याचं कारण आमच्या कॉलेजातली वादविवाद स्पर्धा. विषय होता, आईवडील दोघंही नोकरी करत असतील तर मुलाला पाळणाघरात ठेवावं की घरी बाई ठेवावी. मला पाळणाघराच्या बाजूनं बोलायचं होतं. समोरच्या बाजूची मुलगी म्हणाली, पाळणाघर म्हणजे मुलांचं गोदाम. टाळ्या पडल्या. मग माझ्याच बाजूचा मुलगा म्हणाला, बाई शेवटी पगारी माणूस, तिला माया कुठून येणार? त्यालाही टाळ्या पडल्या. नंतर मी उठलो, "अध्यक्ष महोदय" म्हणालो, आणि पुढं तोंडातून शब्दच फुटेना. माझी आई म्हणजे ती बाई. आणि मी त्या गोदामातला माल. मी तसाच खाली येऊन बसलो. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं सांगायचा प्रयत्न करतो.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. नाशिक रोडकडून देवळाली कॅम्पला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं बैठं घर होतं. पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड. आबा तोफखान्यातून पेन्शनीत निघालेले, मूळचे सटाण्याकडचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं फौजेतलं हिंदी, आणि जीव कळवळला की गावाकडची अहिराणी. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते. पाळणाघर त्यांच्या बायकोनं सुरू केलं होतं. ती अचानक गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खाकी अर्धी चड्डी आणि इस्त्री केलेली पांढरी बंडी घातली, फाटक उघडलं आणि तिथंच उभे राहिले.

"आबा, आता कशाला उघडलं?" येणाऱ्या बायकांनी विचारलं.

"वेळ झाली म्हणून."

"अहो, पण पोरं कोण बघणार?"

"मी."

त्यातली एक शेजारणीला म्हणाली, "आधीच पुरुषमाणूस, त्यात बहिरा. पोर रडून रडून निळं पडलं तरी ह्याला पत्ता लागायचा नाही."

आबांना ओठ वाचता यायचे, तेही लांबून, हे तिला ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, "ज्याला ऐकू येतं ना बाई, तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. पोरगं रडलं की उठेन म्हणतो. मला ऐकू येत नाही. मी पोरांवरची नजर काढतच नाही."

तरी निम्म्या बायकांनी त्याच आठवड्यात मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं, असंही मी म्हणणार नाही.

नजर काढत नाही, हे मात्र अक्षरशः खरं होतं. स्वयंपाकाचा ओटा भिंतीला लागून, म्हणून शेगडीच्या वर दाढीचा आरसा टांगलेला. मोरीच्या दाराशी एक आरसा. पेरूच्या बुंध्याला एक आरसा. खिचडी ढवळताना आबा आरशातून आमच्याकडे बघायचे, खिचडीकडे कधीच नाही. त्यामुळं ती रोज खाली लागायची. करपलेल्या खिचडीचा वास आला की मला आजही उगाच सुरक्षित वाटतं.

त्यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी दोनदा थापटायचं. मग ते हातातलं काम बाजूला ठेवायचे, खाली बसायचे, तोंड आपल्या तोंडासमोर आणायचे आणि म्हणायचे, "बोल." उभ्यानं ते कुठल्या मुलाशी बोलल्याचं मला आठवत नाही. ओठ दिसल्याशिवाय त्यांना कळणार नव्हतं, एवढंच त्यामागं असेल. पण एवढ्याशा मुलाला ते कुठलं ठाऊक? मला वाटायचं, माझं बोलणं फार महत्त्वाचं असतं. त्यानंतर मला तसं फारसं कुठं वाटलं नाही.

हजेरी रोज व्हायची. "फॉल इन!" म्हणून आबा ओरडायचे. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे फार मोठ्यानं. आम्ही रांगेत उभे. "हजर" म्हणून उपयोग नव्हता, म्हणून नाव पुकारलं की जीभ बाहेर काढायची. आबा जीभ बघून पुढं जायचे. पांढरी दिसली की त्या दिवशी खिचडी बंद, नुसतं वरणाचं पाणी. पुढं मी पहिलीत गेलो. बाईंनी हजेरीला माझं नाव घेतलं, आणि मी ताठ उभा राहून जीभ दाखवली. बाईंनी कान पिरगाळला. शाळेनं आईला बोलावून घेतलं. आईला आधी हसू आलं, ते बाईंना अजिबात आवडलं नाही.

कॅम्पाच्या पलीकडं तोफांचा सराव चालायचा. आम्ही आवाजानं दचकायचो. आबा फरशीवर तळहात टेकवून म्हणायचे, "आज बडी तोप शे." मग सगळी टोळी फरशीला हात लावून गंभीर चेहऱ्यानं बसायची. तोफ आधी हाताला कळते आणि मग कानाला, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं. ते शास्त्रात बसतं की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

आता मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगतो.

माझी आई तेव्हा एका घरी मूल सांभाळायची. त्या घरातल्या ताई बँकेत होत्या. त्यांची मुलगी मिनू माझ्यापेक्षा लहान. आधी आई मलाही बरोबर न्यायची. पण एकदा मी मिनूच्या पाळण्याला इतका जोराचा झोका दिला की ताईंनी आईला सांगून टाकलं, याला आणू नकोस. रागानं नाही, घाबरून.

वडिलांचं म्हणणं होतं की मला कळवणजवळच्या आमच्या गावी आजी-आजोबांकडे पाठवावं. माझी चुलतबहीण तिथंच वाढत होती. शेतातलं काम नसेल त्या दिवशी ती शाळेत जायची. पुढं असे दिवस कमी कमी होत गेले, आणि शाळा सुटलीच. वडील वाईट नव्हते. ते म्हणायचे, "तिथं त्याला दूध मिळंल, खेळायला अंगण मिळंल."

"आणि आई कुठून मिळंल?" आई म्हणायची.

असं रोज चालायचं. शेवटी आई मला घेऊन आबांच्या फाटकात उभी राहिली. त्यांच्याकडे जागा होती, कारण बाकीच्यांनी मुलं काढून घेतली होती.

"तू काय करती?" आबांनी विचारलं.

"एका घरी पोरगी सांभाळते."

"दुसऱ्याची तू सांभाळती. आणि तुझा इथं?"

आई म्हणते, ते जिव्हारी लागलं. ती तिथंच रडायला लागली. आबांनी तिला थांबवलं नाही. तिचं आटोपेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "झालं? आता ह्याला सांग, तू कुठं चालली आणि कधी येशील. सांगितलं की पाठ कर आणि जा. मागं बघू नको."

आबांचा हा सगळ्यात कडक नियम. मुलाला सांगून जायचं. 'ते बघ काऊ' म्हणून मूल तिकडं वळलं की पसार व्हायचं, हे चालायचं नाही. एखादी बाई तशी निघालेली दिसली की आबा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे, "भगोडा! फौजेत ह्याला भगोडा म्हणतात, ठाऊक शे का?" बिचारी परत यायची. मग रवानगी व्हायची. मुलानं फाटकात उभं राहून सलाम ठोकायचा, आईनं उलटा सलाम ठोकायचा. बँकेतल्या, दवाखान्यातल्या, शाळेतल्या बायका भर रस्त्यात सलाम ठोकायच्या. मूल रडत असेल तर रडत रडत सलाम.

"आबा, लय रडतोय हो," आई पहिल्या दिवशी म्हणाली.

"रडू दे. मला कुठं ऐकू येतं?"

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं. एकदा एक जोडपं तान्हं मूल घेऊन आलं. आबांनी बाळाकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "घरी बाई ठेवा. याला मांडी पाहिजे. माझ्याकडे मांड्या दोन, आणि पोरं बघा किती." त्याच दिवशी दुसरी एक बाई मुलाला काढून घ्यायला आली, कारण तिला घरी बाई मिळाली होती. तिला म्हणाले, "याला आता बाई कशाला? याला टोळी पाहिजे." चालायला लागेपर्यंत मांडी, चालायला लागल्यावर टोळी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. यावर ते कुणाशी वाद घालायचे नाहीत. समोरचा वाद घालायला लागला की त्याच्या ओठांवरची नजर काढून घ्यायचे, म्हणजे विषय संपला.

मी आबांकडे रुळलो. गावाला पाठवायचा विषय मागं पडला. आणि मग मिनू बोलली.

मिनूला दोन वर्षं होऊन गेली होती तरी ती एक शब्द बोलत नव्हती. एका संध्याकाळी ताई बँकेतून आल्या, दारात चप्पल काढत होत्या. मिनू माझ्या आईच्या कडेवर. ताईंनी हात पुढं केले. मिनूनं आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई."

"अगं, मी मावशी," आई घाईघाईनं म्हणाली. "आई ती. ती बघ."

मिनूनं आईची मान आणखी घट्ट धरली. "आई."

ताई मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, "तुझं काही चुकलेलं नाही गं. पण मला हे सोसायचं नाही. मी मिनूसाठी पाळणाघर बघते. तू दुसरं काम शोध."

घरी वडील म्हणाले, "मग आता अडून कशाला बसायचं? याला गावी सोडून येतो. तुला दुसरं काम मिळंल तेव्हा मिळंल." दोघांच्या कमाईशिवाय शहरात आमचं भागत नव्हतं, आणि दुसरं काम कुठलं, किती वेळाचं, याचा भरवसा नव्हता; मी गावी असलो म्हणजे आईला मिळेल ते काम धरता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी कळवणची एसटी विचारून ठेवली. माझे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवले. ती पिशवी मला आठवते. तिच्यावर बसलं की ती बसकी व्हायची, म्हणून मी तिच्यावर बसायचो.

ताईंनी दोन-तीन पाळणाघरं पाहिली. मनास येईना. मग त्यांनी आईला विचारलं, "तुझा मुलगा कुठं असतो?"

आई त्यांना आबांकडे घेऊन आली. स्वतःचं काम घालवायची वाट तिनं स्वतःच दाखवली, असं वडील नंतर कितीदा तरी म्हणाले. मला तो दिवस आठवतो, कारण आई भलत्याच वेळी आली होती आणि तिच्या कडेवर दुसरंच कुणी होतं. मी आबांच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. ते खाली बसले.

"बोल."

"ती माझी आई आहे," मी म्हणालो.

"ठाऊक शे," आबा म्हणाले. "तुझीच शे."

पुढचं बोलणं आईनं सांगितलेलं आहे.

ताईंनी आरसे पाहिले, करपलेली खिचडी पाहिली. "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणे."

"नाही. समोर तोंड करून बोला."

"मुलगी दोनच्या पुढं गेली, बोलत नव्हती. आता बोलली तर..." ताई अडखळल्या. "हिला आई म्हणाली."

आबांनी मिनूकडे बघितलं. "सकाळी घरातून कशा निघता?"

"म्हणजे?"

"पोरीला सांगून, का चोरून?"

माझी आईच म्हणाली, "मी तिला गच्चीवर नेते, चिमण्या दाखवायला. तवर ताई मागच्या दारानं जातात. ती लय रडते ना आबा, बघवत नाय."

"दोघी मिळून भगोडा," आबा म्हणाले.

ताई चिडल्या. "हे बघा, मी काही मजा मारायला जात नाही. नोकरीला जाते."

"मीबी नोकरीलाच जायचो ना, बाई." आबा पेरूखाली जमिनीवर बसले. लहान मुलांशी बोलताना बसायचे तसेच. "रजा संपली की पहाटे निघायचो. पोरगी झोपलेली. उठवली तर रडेल, म्हणून कधी उठवली नाही. बायको म्हणायची, सांगून जा. मी म्हणायचो, नको. एका रजेला घरी आलो, तर पोरगी आईला विचारते, हे पाहुणे कधी जातील?" ते मोठ्यानं हसले. बाकी कुणी हसलं नाही. "आता सुरतेला दिलीय तिला. सणाला येते. मला काय हवं-नको ते विचारते. लय चांगलं वागते. पाहुण्याशी वागतात तसं."

मग ताईंनी विचारलं, "मग मी काय करू? हिला राहू देऊ, का मुलगी इथं ठेवू?"

"इथं नको. मी घेणार नाही. चालायला लागली तरी तिला अजून मांडी लागते. बाई काढू नका, घरीच ठेवा."

"पण..."

आबांनी ताईंच्या ओठांवरची नजर काढून घेतली. ताई मिनूला घेऊन तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मिनूला गच्चीवर न्यायला लागली, तर ताई म्हणाल्या, "थांब." त्या मिनूसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी बँकेत जाते. संध्याकाळी येते." आणि पुढच्या दारानं निघाल्या. मिनूनं जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या बायका बाहेर आल्या. ताई मागं न बघता चालत गेल्या. आई म्हणते, त्यांची पाठ हलत होती. हे रोज व्हायला लागलं. वडील रोज विचारायचे, "काय ठरलं?" आई म्हणायची, "थांबा वाईच." पिशवी दाराशीच होती.

मग हळूहळू मिनूचं रडणं आखूड झालं. संध्याकाळी ती स्वतः फाटकाशी जाऊन बसायला लागली. आणि एक दिवस ताई कोपऱ्यावर दिसल्या तशी ती ओरडली, "ताई!"

कारण माझी आई त्यांना ताई म्हणायची. मिनूनं तेच उचललं होतं. आईला वाटलं, आता संपलं. पण ताई तिथं रस्त्यातच हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. म्हणाल्या, "हाक तर मारली ना? मग झालं." मिनू पुढं कायम त्यांना ताईच म्हणत राहिली, आणि माझ्या आईला आई.

त्या आठवड्यात ताई पुन्हा आबांच्या फाटकात आल्या, बरोबर मिनू आणि माझी आई.

"आबा, तुमच्याकडे मांड्या कमी पडतात ना?"

"मांड्या दोनच शेतस. मी सांगितलं होतं."

"मग ही आणखी एक घ्या," ताई माझ्या आईचा हात धरून म्हणाल्या. "हिला कानही आहेत. मिनूला घेऊन ही सकाळी इथं येईल, दिवसभर राहील. मिनूला मांडीही मिळेल आणि टोळीही. हिचा मुलगा इथं आहेच. मांडी की टोळी, एकच घ्यायचं, हे कुठल्या फौजेत लिहिलंय?"

आबा जरा फुगले. त्यांच्या तत्त्वज्ञानात ही सोय नव्हती. "फौजेत कुणाची बदली अशी परस्पर करत नाहीत."

"परस्पर कुठं? विचारतेच आहे की."

आबांनी आईकडे बघितलं. "खिचडी येती का?"

"करपू न देता येते," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी आईनं माझी पिशवी रिकामी करून कपडे परत फळीवर ठेवले. वडील बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पोतून आबांसाठी मेथीच्या जुड्या आणल्या. फाटकात आई आहे म्हटल्यावर काढून नेलेली काही मुलंही परत आली. खिचडी करपायची थांबली. मला ती पूर्वीसारखी लागेना, पण हे मी आईला सांगितलं नाही.

स्पर्धेत मला बहुतेक हेच सांगायचं होतं. दोन्ही बाजू विचारत होत्या की मूल कुणाकडे ठेवायचं. आबा विचारायचे, ठेवून जाताना तुम्ही कसे जाता. पण अध्यक्ष महोदयांसमोर हे कसं मांडायचं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

ताईंनी एकदा हौसेनं आबांसाठी कानाचं यंत्र आणलं. आबांनी ते लावलं. टोळी खेळत होती. ते अंगणाच्या मधोमध डोळे विस्फारून उभे राहिले. मग म्हणाले, "हे असं चालतं रोज? आणि तरी लोक पोरं करतात?" संध्याकाळी त्यांनी यंत्र काढून बायकोच्या फोटोपुढं ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिला लागेल. माझं बोलणं ऐकायची फार इच्छा होती तिला."

मी चौथीत होतो तेव्हा त्यांना दिसायचं कमी झालं. त्यांनी स्वतःच पाळणाघर बंद केलं. "कान गेले तेव्हा डोळे होते," ते आईला म्हणाले. "आता कशावर सांभाळू?" शेवटच्या दिवशी ते एकेका मुलासमोर बसले आणि सांगितलं, मी गावी चाललो. शाळा सुटल्यावर मीही तिथं गेलो होतो. मला म्हणाले, "मी पुतण्याकडे चाललो. परत येणार नाही. सलाम कर." मी रडत रडत सलाम केला. त्यांनी उलटा सलाम ठोकला, पाठ केली आणि मागं बघितलं नाही.

पुढं आम्ही सिडकोत राहायला आलो आणि सगळ्यांचा संपर्क सुटला. माझी सवय मात्र राहिली. बोलायच्या आधी मी समोरच्याच्या हातावर दोन बोटांनी दोनदा थापटतो. कॉलेजात मुलं माझी नक्कल करतात. एकदा प्राचार्यांच्या हातावर थापटलं, त्यांनी हात झटकला. सोडायचा प्रयत्न केला, सुटत नाही.

मागच्या रविवारी दुपारी आमच्या दारात एक मुलगी आली. आई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मुलीनं चपला काढल्या, सरळ आत गेली, आईच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा थापटलं आणि आईच्या समोर जमिनीवर बसली.

आईच्या हातातलं ताट कलंडलं. "मिनू?"

"आई," ती म्हणाली. "आबा गेले."

भाजीबाजारात विचारत विचारत तिनं आमचा पत्ता मिळवला होता. आबा आजारी आहेत असं कळल्यावर ती आणि ताई सटाण्याकडच्या त्यांच्या गावी गेल्या होत्या. सुरतेची मुलगी उशाशी बसलेली. आबांना दिसत जवळजवळ नव्हतं, बोलणंही थांबल्यासारखं. फक्त एक हात खाटेच्या लाकडावर दोनदा थापटायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा थापटायचा. घरच्यांना वाटलं, हात कापतोय. मुलगी तो हात धरून पुन्हा पुन्हा पांघरुणात घालत होती.

"मी म्हटलं, अहो, कापत नाही तो. त्यांना बोलायचंय," मिनू म्हणाली. "खाली बसा. तोंड अगदी समोर आणा. आणि बोल म्हणा."

मुलगी खाली बसली. तोंड समोर आणलं. "बोल, बाबा."

आबा म्हणाले, "चालनू मी, बेटा." निघालो मी.

"मुलगी काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"म्हणाली, कधी येशील?" मिनूनं सांडलेले तांदूळ ताटात ओढले. "ते हसले. मग मला म्हणाले, समदासले सांगी दे. सगळ्यांना सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. म्हणून मी सगळ्यांकडे जाऊन सांगतेय."

आईनं पदर तोंडाला लावला नाही. ती मोठमोठ्यानं रडायला लागली. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. वडील आतून आले आणि घाबरून म्हणाले, "अगं, हळू. लोक काय म्हणतील?"

मी वडिलांच्या हातावर दोनदा थापटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रडू द्या," मी म्हणालो.